कोणी ठरवलं, नाव सांगा

परवा आमच्या हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये एका नव्या नर्सने मला विचारलं, "ती कॅम्परवाली वेडी म्हातारी तुमच्याच वॉर्डात होती ना?" पोरीचा दोष नाही, तिने जे ऐकलं ते ती बोलली. पण माझा चहा तसाच राहिला. जिने उभा जन्म परळच्या वॉर्डांमध्ये काढला, तिच्या मागे एवढंच उरावं? वेडी, आणि वर कॅम्परवाली. म्हणून हे लिहायला बसले आहे. लिहायची मला सवय नाही. राग आला की मात्र शब्द सुचतात, आणि ती सवय मला त्याच बाईंनी लावली.

आयरीन परेरा त्यांचं नाव. मेट्रन होऊन निवृत्त झाल्या तरी आम्ही त्यांना परेरा सिस्टरच म्हणायचो. गिरगावातल्या एका वाडीत, लाकडी जिन्याच्या घरात जन्मल्या आणि तिथेच राहिल्या. लग्न केलं नाही. का नाही, असं कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "मागणी घातली त्यातला एकही वेळेवर यायचा नाही." ड्युटी संपली की गुडघ्याखाली पोचणारा फ्रॉक, कॅनव्हासचे पांढरे बूट आणि खांद्याला एक पिशवी. पिशवीत कात्री, खारे शेंगदाणे आणि चिकटपट्टीचं रीळ. चिकटपट्टीवर त्यांची येशूच्या खालोखाल श्रद्धा होती. फाटका पडदा, तडकलेली काच, डॉक्टरांच्या चष्म्याची दांडी, सगळ्यांना तोच इलाज. एखादा शिकाऊ डॉक्टर फार बोलायला लागला की रीळ बाहेर काढून शांतपणे विचारायच्या, "तोंडाला लावू?"

राग त्यांच्या नाकावर असायचा, पण तो कधी वाया जायचा नाही. वॉर्डात कोणी म्हणालं, "सिस्टर, असा नियम आहे," की त्या हातातलं काम थांबवायच्या आणि विचारायच्या, "कोणी ठरवलं? नाव सांग." आता नियमाला नाव कुठून आणणार? समोरचा वर बोट दाखवायचा. त्या वरच्या मजल्यावर जाऊन तोच प्रश्न विचारायच्या. तिथला आणखी वर बोट दाखवायचा. असं करत एकदा त्या थेट गच्चीवर पोचल्या, तिथे पाण्याची टाकी होती आणि कावळे होते. खाली येऊन म्हणाल्या, "वर कोणी नाही. मी बघून आले." रुग्णाच्या बायकोला भेटीची वेळ संपली म्हणून बाहेर काढत होते, तेव्हाची ही गोष्ट. ती बाई त्या दिवसापासून नवऱ्याच्या उशाशी बसली, आणि नियमाचं काही बिघडलं नाही.

मी भोईवाड्याच्या चाळीतली. नोकरीला लागले त्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत माझं आडनाव विचारून झालं. "कांबळे" ऐकल्यावर एका सीनियर बाईंनी आपला डबा हळूच स्वतःकडे ओढला. बोलल्या काहीच नाहीत. हे असं न बोलता कसं करायचं, ते शिकलेल्या माणसांना छान जमतं. परेरा सिस्टर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होत्या. उठल्या, माझ्या शेजारी येऊन बसल्या, माझ्या डब्यातली सुक्या बोंबलाची चटणी भाकरीला लावून खाल्ली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मीठ कमी आहे. आईला सांग." दुसऱ्या दिवशी आईने मीठ बेताने वाढवलं. त्या म्हणाल्या, "आता बरोबर," आणि मग वर्षानुवर्षं माझ्या डब्यातली निम्मी चटणी त्यांची.

त्यांचा सगळ्यात मोठा राग दोन शब्दांवर होता. "घरी न्या." इलाज संपला की डॉक्टर रुग्णाच्या माणसांना हे सांगतात. गिरगावात, दादरला घर असेल तर ठीक आहे. पण आमच्याकडे येणारी निम्मी माणसं डोंगरापलीकडची. फुटपाथवर प्लास्टिक बांधून राहिलेली. त्यांना घरी न्या म्हणजे कसं न्या? ॲम्ब्युलन्स डांबर संपतं तिथे थांबते. पुढे झोळी. आणि झोळीतून नेलं तरी घरात काय? ज्याला श्वासाला मशीन लागतं त्याला करंट लागतो. खांब असतात, तारा असतात, मीटरसुद्धा असतो, आणि एक वारा सुटला की पाच-सहा दिवस दिवा नाही. मग माणसं वॉर्डातच राहतात आणि अनोळखी छताकडे बघत मरतात. सिस्टर म्हणायच्या, "मरायचंय ते ठीक आहे, ते माझ्या हातात नाही. पण कुठे मरायचं ते पण ह्यांनी ठरवायचं? कोणी ठरवलं?"

त्या निवृत्त झाल्या आणि त्याच सुमाराला त्यांचा भाचा परदेशी कायमचा गेला. जाताना मावशीवर एक जबाबदारी टाकून गेला. वडाळ्याला, मिठागराच्या बाजूला ओळखीच्या एका आवारात त्याचा कॅम्पर ट्रेलर ताडपत्रीखाली पडला होता. गाडीच्या मागे जोडायचं चाकांवरचं छोटंसं घर. शनिवार-रविवारी मित्रांना घेऊन तलावाकाठी जायला घेतलेलं. तो विकून टाक, एवढंच त्याने सांगितलं होतं. सिस्टर मला घेऊन बघायला गेल्या. आत छोटा फ्रीज, बाटल्यांसाठी लाकडी कप्पे, छताला निळे-गुलाबी रंगीत दिवे आणि एक हातभर जाड गादी. गादीत उंदरांनी पिल्लं घातली होती. सिस्टरनी ती गादी अंगठ्याने दाबली आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "पडून पडून माझ्या पेशंटांच्या पाठी सोलवटतात," त्या म्हणाल्या, "आणि ह्याच्यावर उंदीर बाळंत होतात." मग ताडपत्री पुन्हा ओढून घेतली. ट्रेलर विकायचा नाही, हे तिथेच ठरलं. कोणी ठरवलं, ते त्या वेळी विचारायची गरज नव्हती.

सगळ्यात आधी त्या परवानग्यांच्या कार्यालयात गेल्या. तिथल्या माणसाने सांगितलं, चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवता येत नाही. झालं, सिस्टर सुरू झाल्या. फ्रीज नेता येतो, बाटल्या नेता येतात, आजारी माणूस नेता येत नाही? पण बाहेर आल्यावर जिना उतरता उतरता म्हणाल्या, "बरोबर बोलला मेला. मागच्या मागे तुटला तर काय करणार?" तेव्हा असं ठरलं की पेशंट पुढे जीपमध्ये, ऑक्सिजनचं सिलिंडर लावून, झोपून जाणार आणि मागून ट्रेलर येणार. ट्रेलर म्हणजे करंटचं घर. पेशंटच्या दारात तो उभा करायचा, वायर खिडकीतून आत घ्यायची आणि हवेतून ऑक्सिजन ओढणारं मशीन तिच्यावर चालवायचं. जितके दिवस लागतील तितके दिवस.

त्यासाठी ट्रेलर डांबराच्या पुढे जायला हवा होता. सिस्टरना सगळ्यांनी मोठमोठी गॅरेजेस सुचवली. त्या गेल्या चिंचपोकळीला, बाबी परबकडे. बाबी एरवी खिडक्यांच्या ग्रिल आणि गेट बनवायचा, पण त्याची खरी ओळख गणपतीच्या ट्रॉल्यांची. लालबागपासून गिरगावपर्यंत मोठमोठ्या मूर्ती ज्या लोखंडी चाकगाड्यांवर चौपाटीला जातात, त्यातल्या कितीतरी त्याच्या हातच्या. बाबीला स्वतःचं कौतुक कमी नव्हतं. "माझ्या ट्रॉलीवरचो बाप्पा कधी हललो नाय," हे तो चहा आणून देणाऱ्यालाही सांगायचा. सिस्टरना नेमका असाच माणूस हवा होता. खड्ड्यातून जाताना वरचं हलू नये, एवढंच त्यांचं मागणं.

अनंत चतुर्दशी होईपर्यंत बाबीने ट्रेलरला हात लावला नाही. नंतर मात्र पेटला. चाकांचा जुना आस बदलला, कमानीचे जाड पाटे घातले, मोठे टायर चढवले, पोटाखाली पत्रा ठोकला. भिंतीला मधोमध एक हूक होता, त्याला सिस्टर सलाइनची भरलेली बाटली लटकवायच्या आणि ट्रेलर वर्कशॉपबाहेरच्या फुटक्या रस्त्यावरून ओढायला लावून स्वतः मागे चालत उघड्या दारातून बाटली किती हलते ते बघायच्या. बाटली भिंतीला आपटली की काम पुन्हा. बाबी चिडायचा. म्हणायचा, "सिस्टर, पाच माळ्याचो बाप्पा नेलंय मी." सिस्टर म्हणायच्या, "बाप्पाला सुई लावलेली नसते."

बॅटऱ्यांचं तसंच. आधी दुकानदाराने रिक्षाच्या ॲसिडच्या बॅटऱ्या गळ्यात मारल्या. पहिल्याच धक्क्यांना त्या पाझरायला लागल्या. सिस्टर त्या परत घेऊन गेल्या आणि दुकानदाराच्या काउंटरवर ठेवल्या, त्याच्या नव्या काचेवर. मग लिथियमच्या आल्या, छपरावर सोलरची पॅनेल आली. मशीन किती वेळ चालतं ते बघायला त्या बाबीच्या वर्कशॉपमध्ये सकाळीच येऊन खुर्ची टाकून बसल्या, मांडीवर शेंगदाण्याची पुडी. मशीन दुपार कलताच थांबलं. त्या तडक ट्रेलरमध्ये शिरल्या. फ्रीज काढला, पंखा काढला, पाणी तापवायचं यंत्र काढलं. रंगीत दिव्यांपाशी बाबी आडवा आला. रोषणाई काढायची म्हणजे त्याच्या जिवावर. "लायटिंग ऱ्हवां दे ओ," तो म्हणाला. बराच वाद झाला. शेवटी दिवे राहिले, पण सिस्टरनी त्यांच्या बटणावर चिकटपट्टीच्या दोन पट्ट्या आडव्या-उभ्या मारल्या आणि आम्हा दोघांना बजावलं, "हा करंट श्वासाचा आहे. ह्या पट्टीला कोणी हात लावायचा नाही."

एवढ्यात लोक हसायला लागले होते. वाडीतले म्हणायचे, सिस्टर पिकनिकला चालल्या. हॉस्पिटलमधले म्हणायचे, रिकामपण डोक्यात गेलं. ज्यांनी आयुष्यात एका पेशंटची चादर सरळ केली नाही, तेही म्हणायचे. एका मोठ्या डॉक्टरांनी तर मला जिन्यात थांबवून सांगितलं की हे भावनेचं काम आहे, व्यवस्थेचं नाही. उत्तर मला आज सुचतं. साहेब, तुमची व्यवस्था डांबराशी संपते, त्याच्या पुढे काय आहे ते तुम्ही कधी बघितलंत?

तेव्हा आमच्या वॉर्डात भागीबाई होत्या. घाटापलीकडच्या एका पाड्यातल्या. फुप्फुस जवळजवळ गेलेलं, नाकात सतत नळी. रोज सकाळी राउंड झाला की मुलगा गोविंद याला विचारायच्या, "आज नेनार का?" तो म्हणायचा, उद्या. एकदा मी त्यांना विचारलं, घरी असं काय आहे? त्या दम घेत घेत म्हणाल्या, "काय न्हाई गं. दार हाय. दारातून माझा डोंगर दिसतो. हितं नुसतं छत." डॉक्टरांनी "घरी न्या" कधीच सांगितलं होतं. पाड्यात वाऱ्याने तारा पडल्या होत्या, दिवे नव्हते. मी सिस्टरना फोन केला. त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी. सिलिंडर भरून ठेव."

जीप बाबी चालवत होता. मागे भागीबाई झोपलेल्या, उशाशी मी, पायाशी गोविंद, पुढे सिस्टर. हायवेवर दोन-तीनदा ब्रेक मारल्यावर मागून ढुशी बसली. बाबी म्हणाला, जोडायचा हूक नवीन आहे. घाट चढून गेलो, डांबर संपलं, मातीचा रस्ता लागला. ट्रेलर दगडांवरून असा येत होता की बाबीची छाती फुगली. मग शेवटचा उतार आला. पाडा खाली दरीत, आणि रस्ता सरळ खाली. थोडं उतरल्यावर ट्रेलर जीपला ढकलायला लागला. बाबीने ब्रेक दाबला तरी जीप सरकत होती. कशीबशी एका दगडाला चाक लावून थांबवली. खाली उतरल्यावर कळलं. ट्रेलरला मुळात स्वतःचा ब्रेक होता. आस बदलताना बाबीने तो काढून टाकला होता.

सिस्टर म्हणाल्या, "ब्रेक कोणी काढला? नाव सांगा."

"बाबी परब," बाबी म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "ट्रॉलीक कधी ब्रेक नसतो, सिस्टर. मागसून दोरी धरूक माणसां असतत मां. माझ्या डोक्यातच इला नाय."

खरं होतं ते. त्याच्या अख्ख्या हयातीत त्याने ओढलेली एकही गाडी ब्रेकने थांबलेली नव्हती. मला वाटलं, आता सिस्टर त्याला उभा सोलणार. त्या वाकून ट्रेलरच्या चाकामागे बघून आल्या. मग म्हणाल्या, "आणि ब्रेक आहे का, हे बघायचं कोणाला सुचलं नाही? आयरीन परेरा. झाली दोन नावं. आता दोरी काढ."

दोरी होती. जाडजूड, दोन हातांत न मावणारी. विसर्जनाची दोरी बाबी सवयीने कुठेही बरोबर नेतो. ट्रेलर सोडवून तिथेच दगड लावून ठेवला. बाबीने आधी जीप खाली पाड्यात उतरवली आणि भागीबाईंना घरात नेऊन ठेवलं. मी उशाशी बसले, नजर सिलिंडरच्या काट्यावर. काटा खाली चालला होता आणि मशीनला लागणारा करंट वर, उतारावर उभा होता. आयुष्यात मला इतका राग कधी आला नसेल. कोणावर, ते सांगता येत नाही. रस्त्यावर, तारांवर, त्या जिन्यातल्या डॉक्टरांवर, बाबीवर, स्वतःवर. भागीबाई मात्र दाराकडे तोंड करून शांत पडल्या होत्या. त्यांच्या लेखी काम झालं होतं.

गोविंदने हाका मारल्या आणि अख्खा पाडा वर गेला. बायासुद्धा. दारातून मला सगळं दिसत होतं. बाबी ट्रेलरच्या पुढे, जीपला जोडायचा दांडा हातात धरून, उलटा चालत. मागे दोरीला पन्नासेक माणसं, टाचा मातीत रोवून. बाबीचा आवाज दरीत घुमत होता, चौपाटीच्या वाटेवर घुमतो तसाच. "धरा... सोडा हळू... धरा..." आणि दोरीच्या अगदी शेवटच्या टोकाला, फ्रॉक धुळीने माखलेला, पांढरे बूट मातीत, परेरा सिस्टर. त्या वयात. दोरी कमरेला टेकवून मागे रेललेल्या आणि पुढच्या गड्याला ओरडत होत्या की माझ्याकडे काय बघतोस, खाली बघ.

सिलिंडरमध्ये थोडा ऑक्सिजन शिल्लक असताना खिडकीतून वायर आत आली. मशीन घरघरायला लागलं. भागीबाईंनी डोळे उघडून मशीनकडे बघितलं आणि पुन्हा डोंगराकडे. कोणीतरी ट्रेलरला रानफुलांचा हार घातला होता. सिस्टर ओरडल्या, "काढा तो, पॅनेलवर सावली पडते."

बाबी आणि मी परत आलो. सिस्टर राहिल्या. ट्रेलरमध्ये अंधारात झोपायच्या, दिवसा पॅनेलवरची धूळ पुसायच्या, वायरीपासून कोंबड्या हाकलायच्या. ढग आले की ढगांना शिव्या, असं गोविंद मला फोनवर सांगायचा. नंतर बाबीने तिथेच जाऊन ब्रेक बसवला, आणि भागीबाईंनंतर तो ट्रेलर सिस्टरसह पलीकडच्या पाड्यात गेला. तिथेही एक माणूस शेवटच्या दिवसांसाठी घरी आला होता. पावसाच्या तोंडाला सिस्टर गिरगावात परतल्या त्या थकूनच, आणि चार दिवसांत झोपेतच गेल्या. मी तेव्हा ड्युटीवर होते. त्यामुळे मी त्यांना शेवटचं बघितलं ते भागीबाईंच्या अंगणात.

मी सुट्टी काढून औषधं घेऊन गेले होते. पोचले त्या दिवशी, ऊन उतरतीला लागलेलं असताना, भागीबाई गेल्या. दाराकडे तोंड, हात गोविंदच्या हातात. सिस्टरनी नाडी बघितली, नळी काढली आणि मशीन बंद केलं. एवढे दिवस चाललेली ती घरघर थांबल्यावर घर फार मोठं वाटायला लागलं. तारा अजून पडलेल्याच होत्या. आजूबाजूच्या पाड्यांना निरोप गेला होता, आणि माणसं तिन्हीसांजेला तो उतार उतरून येणार होती.

अंधार पडायला लागला तशा सिस्टर अंगण ओलांडून ट्रेलरमध्ये गेल्या. मी मागोमाग गेले. बॅटरी पूर्ण भरलेली होती, दिवसभर स्वच्छ ऊन होतं. त्यांनी नखाने चिकटपट्टी उचकटली, आधी एक, मग दुसरी, आणि बटण दाबलं. निळे, गुलाबी, पुन्हा निळे दिवे. दारातून, खिडक्यांतून तो उजेड अंगणभर झाला, भागीबाईंच्या दारापर्यंत गेला. मयताच्या घरी असली रोषणाई! वर उतारावर माणसांची रांग थबकली, आणि मग उजेडाच्या दिशेने खाली यायला लागली.

"सिस्टर," मी म्हणाले, "हे दिवे लावायचे नाहीत असं ठरलं होतं."

"कोणी ठरवलं?" त्या म्हणाल्या. नाव मात्र विचारलं नाही. चिकटपट्टीचे तुकडे गोळा करून पिशवीत टाकले, आणि अंगणात टेकलेल्या बायांना पाणी द्यायला गेल्या.